खुराक : थंडाईच्या कुंडीपासून भुकटीच्या डब्यापर्यंत

'आहार' आणि 'खुराक' हे दोन शब्द वरवर पाहता समानार्थी वाटतात. परंतु तालमीच्या उंबरठ्याच्या आत पाऊल टाकले की त्यांतील अंतर ध्यानात येते. आहार सर्वांचाच असतो. खुराक पहिलवानाचा असतो. आहाराने माणूस जगतो. खुराकाने बळ येते, अशी तालमीची श्रद्धा आहे. पहिलवान, वस्ताद, तालीम या शब्दांप्रमाणेच खुराक हा शब्दही परभाषेतून आपल्याकडे आला आणि तांबड्या मातीत असा काही रुजला, की त्याचे परकेपण आज कोणास आठवतही नाही. या एका शब्दाच्या पोटात किती इतिहास साठलेला आहे, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. हा इतिहास केवळ दूध-तुपाचा नाही. अन्नापासून बळ कसे निर्माण होते याविषयी माणसाने बांधलेल्या तर्कांचा, केलेल्या चुकांचा आणि त्या चुकांपायी मोजलेल्या दामांचाही तो इतिहास आहे.

आमच्या सीमाभागातील एका तालमीत खुराकाची एक जुनी मोडी वही आम्ही पाहिली आहे. दूध, तूप, बदाम, खसखस, खडीसाखर यांचा रोजचा हिशोब तीत मांडलेला आहे आणि प्रत्येक नोंदीपुढे पहिलवानाचे नाव आहे. संस्थाने विलीन झाली त्या सुमारास ही वही एकाएकी थांबते. पुढची पाने कोरी आहेत. त्याच तालमीत परवा एक तरुण मल्ल परदेशी भुकटीचा भलामोठा डबा घेऊन आला. वृद्ध वस्तादांनी विचारले, "ह्यात काय हाय रे?" तो म्हणाला, "दूधच हाय की वस्ताद, वाळीवल्यालं." वस्ताद क्षणभर थांबून म्हणाले, "मग घरची म्हस कुठं गेली?" तो पोरगा काही बोलला नाही. पुढे आम्हांस कळले, की म्हशीचे दूध घरच्यांनी सगळेच्या सगळे डेअरीला लावले होते आणि त्या पैशांतून डबा येत होता. वहीच्या कोऱ्या पानांचा आणि त्या डब्याचा काही संबंध आहे काय, हा प्रश्न तेव्हापासून आमच्या मनात घोळत आहे.

मल्लांच्या खुराकाची चिंता राजाने वाहावी, ही कल्पना आपल्या भूमीत फार जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला. मराठीच्या अभ्यासकांना तो त्यातील प्राचीन मराठी पदांमुळे परिचित आहे. परंतु त्यात 'मल्लविनोद' नावाचे एक प्रकरणही आहे. वय, देह आणि बळ यांवरून मल्लांचे वर्ग कसे करावेत, त्यांच्याकडून व्यायाम कसा करवून घ्यावा, हे त्यात सांगितले आहे. आणि डाळी, मांस, दूध, साखर, उत्तम मिष्टान्ने ही मल्लांना राजाने पुरवावीत, असेही सांगितले आहे. दुसरा ग्रंथ 'मल्लपुराण'. मोढेऱ्याच्या ज्येष्ठीमल्लांच्या परंपरेतला हा ग्रंथ व्यायामाचे प्रकार तर मोजतोच, शिवाय कोणत्या ऋतूत मल्लाने काय खावे याचाही तपशील देतो. हे दोन्ही ग्रंथ बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेतून छापून निघाले, ही गोष्ट योगायोगाची नव्हे. ज्या दरबाराने कुस्तीला आश्रय दिला, त्याच नगरीत कुस्तीचे ग्रंथही जपले गेले. बडोद्याची जुम्मादादांची तालीम, प्रोफेसर माणिकरावांचे कार्य आणि दत्तात्रय चिंतामण करंदीकर-मुजुमदार यांनी संपादिलेला दहा खंडांचा मराठी 'व्यायाम ज्ञानकोश' ही त्याच आश्रयाची फळे होत. कोल्हापुरास शाहू महाराजांनी १९१२ साली खासबागेचे मैदान उभारले; त्या मैदानाच्या कीर्तीमागे तालमीतालमींतून पोहोचणारा खुराक होता, हे विसरता येत नाही.

त्या खुराकाचे स्वरूप साधारणपणे सर्वत्र सारखेच असे. पहाटे जोर-बैठका, मग हौद्यातील लढत. अंग निवल्यावर थंडाई. भिजवून सोललेले बदाम, खसखस, बडीशेप, मिरी, वेलदोडे हे सारे दगडी कुंडीत लाकडी दांड्याने घोटायचे आणि दुधात कालवायचे. ही घोटाई हाही एक व्यायामच. जेवणात भाकरी, डाळ, तूप; ज्यांना चालत असे त्यांना मटण. यामागे शास्त्र नव्हते असे कोण म्हणेल? मात्र ते शास्त्र प्रयोगशाळेत तपासलेले नव्हते. पिढ्यान् पिढ्यांच्या अंगावर तपासलेले होते. त्यात सत्य होते, तसा भ्रमही होता. बळ पदार्थात असते आणि पदार्थ जितका मोलाचा तितके बळ अधिक, हा तो भ्रम होय.

परंतु हा भ्रम केवळ आमच्या तालमींचा नव्हता. युरोपातील श्रेष्ठ रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांनी १८४२ साली असे प्रतिपादन केले, की स्नायू काम करतो तेव्हा तो स्वतःचेच प्रथिन खर्च करतो. म्हणून जो अधिक राबेल त्याने अधिक मांस खाल्ले पाहिजे. त्यांच्या नावाची मोहिनी एवढी होती, की या मताची परीक्षा करण्याचे धाडस फार थोड्यांनी केले. १८६५ साली त्यांच्याच नावाने एक कंपनी निघाली आणि दक्षिण अमेरिकेतील उरुग्वे देशात फ्राय बेंतोस येथे गुरांच्या मांसाचा अर्क काढून तो जगभर विकू लागली. त्या अर्कात प्रथिनाचा अंश अत्यल्प होता. पण डब्यावरील नाव मोठे होते. शास्त्रज्ञाचे नाव, आकर्षक डबा आणि बळाचे आश्वासन हा त्रिवेणी संगम तेव्हापासून चालू आहे.

योगायोग असा, की त्याच १८६५ साली या मताच्या मुळावर घाव पडला. झूरिचमधील दोन प्राध्यापक, आडोल्फ फिक आणि योहानेस विस्लिसेनुस, यांनी ३० ऑगस्ट रोजी स्वित्झर्लंडमधील फाउलहॉर्न हे शिखर चढून जाण्याचे ठरविले. आदल्या दिवशी दुपारपासून त्यांनी प्रथिनयुक्त अन्न वर्ज्य केले. स्टार्चच्या चरबीत तळलेल्या वड्या आणि गोड चहा यांवरच ते राहिले. ब्रीएन्झ सरोवराच्या काठापासून शिखरापर्यंतची उभी चढण १९५६ मीटर. चढताना आणि चढून गेल्यावर त्यांनी आपले मूत्र जपून ठेवले आणि त्यातील नत्र मोजून शरीरात किती प्रथिन जळले याचा हिशोब केला. तो प्रत्येकी सुमारे ३७ ग्रॅम निघाला. फिक यांचे वजन ६६ किलो. म्हणजे केवळ स्वतःचा देह वर नेण्यास त्यांनी १,२९,०९६ किलोग्रॅममीटर काम केले. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये एडवर्ड फ्रँकलंड यांनी प्रथिनाच्या ज्वलनाची उष्णता मोजून दाखविली. तेव्हा असे सिद्ध झाले, की ३७ ग्रॅम प्रथिनाची उष्णता संपूर्णपणे कामी लागली असे मानले, तरी तिने या कामाचा जेमतेम अर्धा भाग भरून निघतो. आणि यात हृदयाचे व श्वासोच्छ्वासाचे काम तर धरलेलेच नाही. उरलेले बळ कोठून आले? अर्थातच पिष्टमय आणि स्निग्ध पदार्थांतून. प्रथिन हे इमारतीच्या विटांसारखे. चुलीतील सरपण दुसरेच. दोन माणसे, एक डोंगर आणि मूत्राच्या काही बाटल्या एवढ्या साहित्याने एका थोर नावाची चूक दाखविली गेली, हे आम्हांस फार उद्बोधक वाटते.

तथापि मोठ्या माणसाची चूक त्याच्यापेक्षा दीर्घायुषी असते. फोइट या जर्मन शास्त्रज्ञाने कष्टकरी माणसास दररोज ११८ ग्रॅम प्रथिन पाहिजे असे प्रमाण घालून दिले होते. १९०४ साली अमेरिकेत येल विद्यापीठाच्या रसेल चिटेंडन यांनी स्वतःवर, सैनिकांवर आणि विद्यार्थी-खेळाडूंवर कित्येक महिने प्रयोग करून दाखविले, की त्याच्या निम्म्याच्या आसपास प्रथिनावरही माणसे धडधाकट राहतात, एवढेच नव्हे तर त्यांचे बळ वाढते. त्याच काळात बाजार मात्र उलट दिशेने चालला होता. दुधातील प्रथिनाची 'प्लास्मॉन' नावाची भुकटी विलायतेत विकली जात होती. आणि ज्या सँडोच्या नावाने आमच्या आजोबांच्या पिढीने डंबेल्स उचलली, त्या सँडोने १९११ साली स्वतःच्या नावाचा कोको बाजारात आणला. पिळदार दंड आणि त्याखाली डब्याचे चित्र ही जाहिरातीची रीत आजची नाही.

मग श्रमाला आधार कशाचा? १९२४ साली बॉस्टनच्या मॅरॅथॉन शर्यतीनंतर डॉक्टरांनी धावपटूंचे रक्त तपासले. जे गळून पडण्याच्या बेतात होते त्यांच्या रक्तातील साखर फारच उतरलेली आढळली. पुढच्या वर्षी धावपटूंना शर्यतीपूर्वी पिष्टमय आहार आणि वाटेत गोड पदार्थ देण्यात आले. त्यांची स्थिती पुष्कळ चांगली राहिली. १९६६ साली स्वीडनमध्ये बेर्यस्ट्रॉम आणि हुल्टमन यांनी एक गमतीदार प्रयोग केला. एकाच स्थिर सायकलीच्या दोन बाजूंस दोघे बसले आणि प्रत्येकाने एकाच पायाने पायंडा मारला. मग ते तीन दिवस पिष्टमय अन्न खात राहिले आणि दोन्ही पायांच्या स्नायूंचा बारीक तुकडा सुईने काढून तपासत राहिले. राबलेल्या पायात ग्लायकोजेन नावाची साठवणीची साखर न राबलेल्या पायाच्या दुप्पट झाली होती. पुढच्या वर्षीच्या प्रयोगात असे दिसले, की साधारण आहारावर जो मनुष्य एका ठरावीक जोमाने ११४ मिनिटे सायकल चालवू शकतो, तोच पिष्टमय पदार्थ टाळले असता ५७ मिनिटांत थकतो आणि ते भरपूर घेतले असता १६७ मिनिटे टिकतो. हे वाचताना आम्हांस गोव्याच्या शेतकऱ्याची सकाळची पेज आठवली. तांदूळ, पाणी, मीठ आणि तोंडी लावायला लोणचे किंवा खारे : श्रम करणाऱ्या देहास साखर, पाणी आणि मीठ ही तिन्ही द्यावीत, हे या पेजेने प्रयोगशाळेच्या आधीच ओळखले होते. मात्र पेजेला कोणी खुराक म्हटले नाही, कारण ती गरिबाची होती.

याचा अर्थ असा नव्हे, की बाटलीतील आणि डब्यातील प्रत्येक वस्तू फसवी आहे. इतिहास लिहिणाऱ्याने दोन्ही बाजू मांडल्या पाहिजेत. मांसात असणारे क्रिएटिन हे द्रव्य १८३२ साली फ्रेंच शास्त्रज्ञ शेव्रल यांनी वेगळे काढले. शंभर वर्षे त्याचे प्रयोजन उमगले नव्हते. १९२७ साली स्नायूंत फॉस्फरसयुक्त क्रिएटिन असल्याचा शोध इंग्लंडमध्ये एगल्टन दांपत्याने आणि अमेरिकेत हार्वर्ड येथे सायरस फिस्क व यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी लावला. आंध्रात जन्मलेल्या या सुब्बारावांचे नाव आपल्याकडे फार थोड्यांच्या तोंडी आहे. पहिल्या काही क्षणांच्या झपाट्याला, डाव टाकताना लागणाऱ्या त्या एका हिसक्याला, हेच द्रव्य बळ पुरविते. १९९२ साली हॅरिस, सॉडरलुंड व हुल्टमन यांनी दाखविले, की एका वेळी ५ ग्रॅम याप्रमाणे दिवसातून चार ते सहा वेळा क्रिएटिन घेतल्यास स्नायूंतील त्याचा साठा वाढतो. आणि ज्यांचा साठा मुळात कमी, त्यांचा अधिक वाढतो. शाकाहारी माणसांचा साठा कमी असतो. म्हणजे दूध-बदामावर पोसलेल्या मल्लास याचा काही उपयोग होऊ शकेल. पण त्याबरोबर देहात पाणी साठून वजन वाढते. आणि वजनगटात लढणाऱ्या मल्लास एक किलोचा फरकही महाग पडतो. गुण आहे, पण त्याला हिशोबाची जोड हवी.

कॅफिनचेही तसेच. १९०७ साली रिव्हर्स व वेबर यांनी केंब्रिजमध्ये त्याचा स्नायूंच्या कामावर होणारा परिणाम तपासला. २००४ साली ते प्रतिबंधित द्रव्यांच्या यादीतून वगळण्यात आले. २०१८ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी पूरक द्रव्यांचा आढावा घेतला, तेव्हा खेळातील कामगिरी थेट वाढविण्याविषयी भक्कम पुरावा असलेली नावे बोटांवर मोजण्याइतकीच निघाली : कॅफिन, क्रिएटिन, बीटसारख्या भाज्यांतील नायट्रेट, बीटा-ॲलनिन आणि खाण्याचा सोडा. आमच्या स्वयंपाकघरातील चहा, बीट आणि सोडा या यादीत येतात, हे पाहून आमच्या गृहिणींना हसू येईल.

पूरक द्रव्य उपकारकच असते, निदान अपायकारक नसते, अशीही एक समजूत आहे. २००९ साली जर्मनीत केलेल्या एका प्रयोगाने तिला धक्का दिला. काही तरुणांकडून चार आठवडे व्यायाम करविण्यात आला. त्यांपैकी काहींना रोज 'क' जीवनसत्त्व १००० मिलिग्रॅम व 'ई' जीवनसत्त्व ४०० एकक देण्यात आले. व्यायामाने शरीराची इन्सुलिनला प्रतिसाद देण्याची शक्ती वाढते आणि रक्तातील साखरेचे चयापचय सुधारते. हा लाभ जीवनसत्त्वे न घेणाऱ्यांना मिळाला. घेणाऱ्यांना मिळाला नाही. श्रमाने देहात जी थोडीशी होरपळ होते, तीच देहाला सुधारण्याचा इशारा देते; तो इशाराच औषधाने पुसून टाकला गेला. आयुर्वेदाने अर्ध्या शक्तीनेच व्यायाम करावा असे सांगितले आहे. श्रमालाही मर्यादा हवी आणि उपचारालाही मर्यादा हवी, हे सूत्र जुन्या-नव्या दोन्ही शास्त्रांत समान दिसते.

आता त्या डब्याकडे वळू. त्यातील भुकटी बहुधा चीजच्या कारखान्यांत दूध फाटल्यावर उरणाऱ्या पाण्यातली असते. एके काळी टाकून दिले जाणारे ते पाणी गाळून, आटवून, वाळवून आज मोलाने विकले जाते. तिच्यातील प्रथिन चांगले असते यात शंका नाही. पण किती पाहिजे? २०१८ साली ४९ प्रयोगांचा एकत्र विचार करून असा निष्कर्ष काढण्यात आला, की बळाचा व्यायाम करणाऱ्यास वजनाच्या दर किलोस दिवसाला सुमारे १.६ ग्रॅम प्रथिन मिळाले, की त्यापुढच्या प्रथिनाने स्नायूंत वाढ होत नाही. ८० किलोच्या मल्लास हे प्रमाण १२८ ग्रॅम पडते. दोन लिटर म्हशीच्या दुधात सुमारे ७४ ग्रॅम, ४०० ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकऱ्यांत ४० ग्रॅम, १०० ग्रॅम तुरीच्या डाळीत २२ ग्रॅम : बेरीज १३६ होते. बदाम यात धरलेलेच नाहीत. म्हणजे घरची म्हैस, शेतातली ज्वारी आणि चुलीवरचे वरण यांनी जे काम निभते, त्यासाठी त्या मल्लाच्या घराने दूध विकून दुधाचीच भुकटी आणली होती.

पैसा गेला तर तो परत मिळवता येतो. लौकिक गेला तर येत नाही. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत १३ देशांतील ६३४ पूरक द्रव्ये तपासण्यात आली. त्यांपैकी ९४ द्रव्यांत डब्यावर न लिहिलेली, संप्रेरकांच्या जातीची द्रव्ये सापडली. अशा डब्यातून अजाणता पोटात गेलेला अंशही खेळाडूला अपराधी ठरवू शकतो. नियम असा, की आपल्या देहात काय सापडते याची जबाबदारी खेळाडूची स्वतःची असते. आपल्या देशात २०१६ साली पूरक आहारासंबंधी स्वतंत्र नियम झाले. परंतु नियम कागदावर असतात आणि डबा खेड्यातल्या दुकानात असतो.

आणि तरीही आम्ही त्या तरुणाला दोष देऊ शकत नाही. संस्थानांच्या काळी मल्लाला खुराक देणे हा दरबाराचा धर्म होता. १९४८-४९ च्या सुमारास कोल्हापूर, बडोदे आणि दक्षिणेतील लहानमोठी संस्थाने विलीन झाली. ते होणे योग्यच होते. पण दरबाराचा हा धर्म कोणी पुढे चालवायचा, याचे उत्तर कोणी दिले नाही. खाशाबा जाधवांना १९५२ साली हेलसिंकीस जाण्यासाठी दारोदार वर्गणी मागावी लागली आणि त्यांच्या कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवले, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. तेथून ते स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक घेऊन आले. चिकोडी तालुक्यातील एकसंब्याचे श्रीपती खंचनाळे १९५९ साली पहिले हिंदकेसरी झाले. अशा एकेका नावामागे किती घरांनी पोटाला चिमटा घेऊन खुराक पुरविला असेल, याची नोंद कोणत्या वहीत आहे? दरबार गेला, त्याच्या जागी सावकार आला, सावकाराच्या जागी आता जाहिरात आली आहे. ज्याला कोणी सांगणारे नाही, त्याला डबा सांगतो.

म्हणून आमची सूचना लहानशीच आहे. प्रत्येक तालमीने ती थांबलेली वही पुन्हा चालू करावी. मल्लाने काय खाल्ले, किती श्रम केले, वजन किती भरले, झोप किती झाली, हे रोज लिहावे. फिक आणि विस्लिसेनुस यांनी यापेक्षा फारसे वेगळे काय केले होते? एका मोठ्या नावावर विश्वास ठेवण्याऐवजी त्यांनी मोजले. गावातील एखाद्या डॉक्टराने किंवा विज्ञानाच्या शिक्षकाने महिन्यातून एकदा ती वही पाहावी; आणि गावाने, ग्रामपंचायतीने, दूध संघाने मिळून गरीब मल्लाच्या नावापुढे दोन लिटर दूध लिहावे. डबा लागलाच तर वहीच सांगेल.

गेल्या महिन्यात आम्ही पुन्हा त्या तालमीत गेलो होतो. वस्तादांनी मोडी वहीच्या पहिल्या कोऱ्या पानावर त्या पोराचे नाव बाळबोधीत लिहिले होते. पुढे लिहिले होते : 'दूध, घरचे.'